सूटपत्र आणि न्यायालयाचा हुकूमनामा

काही वर्षांपूर्वी एक भगिनी आपल्या थोरल्या भावाला बरोबर घेऊन माझ्याकडे आली. तिचा प्रश्न पवित्र शास्त्राविषयी होता. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात जे 'सूटपत्र' म्हटले आहे त्याचा अर्थ काय, आणि ते एकदा हाती पडले म्हणजे स्त्री मोकळी होते की नाही, एवढेच तिला विचारावयाचे होते. मी उत्तराला सुरुवात करतो तोच तिने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद काढून मेजावर ठेवला. शंभर रुपयांचा स्टँप पेपर, त्यावर नोटरीचा गोल शिक्का, पतिपत्नीच्या सह्या आणि दोन साक्षीदार. मजकूर असा की, उभयता राजीखुशीने विभक्त होत असून यापुढे दोघेही कोणाशीही विवाह करण्यास मोकळे आहेत.

"काका, हेच सूटपत्र ना?" तिने विचारले.

तो कागद सात वर्षांचा जुना होता. तिचा विवाह अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) एका मंडळीत झाला होता. नवऱ्याची नोकरी सुरतेस असल्यामुळे संसार तेथे झाला. चार वर्षांत तो मोडला आणि ती सिकंदराबादेस भावाच्या घरी येऊन राहिली. आता तिथल्याच मंडळीतील एका विधुराकडून तिला मागणी आली होती. माणूस चांगला होता. परंतु मंडळीत लग्नाची जाहीर सूचना वाचण्यापूर्वी पाळकसाहेबांनी न्यायालयाचा हुकूमनामा मागितला आणि सारे अडले. 'हा कागद म्हणजेच शास्त्रातील सूटपत्र होय' असे मी दोन ओळींत लिहून द्यावे, म्हणजे पाळकसाहेबांचे समाधान होईल, अशी त्या भावंडांची आशा होती.

मी ते लिहून देऊ शकलो नाही. ज्या अर्थाने तो कागद 'सूटपत्र' नव्हता, तो अर्थ त्या दिवसापासून मी नीट अभ्यासू लागलो. मी वकील नव्हे. भाषांतरकाराला शब्दाच्या मागे जावे लागते, आणि हा शब्द मला न्यायालयाच्या दारापर्यंत घेऊन गेला. पुढील मजकूर एका वकील स्नेह्याजवळ बसून तपासून घेतलेला आहे. तरीही ज्याला न्यायालयात जावयाचे आहे त्याने तो वाचून वकिलाकडेच जावे.

शब्द काय सांगतो

मूळ इब्रीत हा शब्द 'सेफेर केरीथूथ' असा आहे. 'सेफेर' म्हणजे लेख, दस्तऐवज. आणि 'केरीथूथ' हे 'कापणे' या धातूपासून आलेले आहे. नाते कापून टाकल्याचा लेख. अनुवाद २४:१ मध्ये तीन क्रिया एकापाठोपाठ येतात: पुरुषाने तो लिहावा, तिच्या हाती द्यावा आणि तिला घरातून पाठवावे. आपण तिसऱ्या क्रियेवर नजर ठेवतो आणि मधली विसरतो. कागद तिच्या हाती द्यावयाचा आहे. त्या काळी घराबाहेर काढलेल्या स्त्रीला विचारणारे कोणी नसे. तिने दुसरा विवाह केला आणि पहिला पुरुष उद्या येऊन 'ही माझी बायको' म्हणू लागला, तर तिचे मरणच ओढवावयाचे. म्हणून त्याचा हक्क संपल्याचा पुरावा तिच्याजवळ असला पाहिजे. पुढे यहूदी शास्त्र्यांनी मिश्नामध्ये 'गिट्टीन' नावाचा एक संपूर्ण भाग या कागदाच्या नियमांना दिला. तारीख कशी घालावी, साक्षी कोणाची घ्यावी, याची त्यात बारीक चर्चा आहे. आणि कागदाचा गाभा कोणता, तर ही स्त्री आता कोणाही पुरुषाशी विवाह करण्यास मोकळी आहे, हे विधान.

ग्रीक भाषेत हा शब्द आणताना भाषांतरकारांनी 'अपोस्तासिऑन' हा शब्द निवडला, आणि मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत तोच आला आहे. मिसर देशात सापडलेल्या ग्रीक कागदपत्रांत हा शब्द जमीनजुमल्याच्या दस्तांत आढळतो: यापुढे माझा हक्क राहिला नाही, असे लिहून देणारा लेख. आपल्याकडच्या 'फारकत' या शब्दाचीही कुळी तीच. तो फारसी-अरबी दफ्तरांतून आला. देणे फिटले, दावा उरला नाही, असे लिहून देणे म्हणजे फारकत. तेव्हा इब्री, ग्रीक आणि मराठी या तिन्ही भाषांत हा शब्द कचेरीचा आहे. समाजाने ज्याला मान्यता दिली आहे आणि जो उद्या कोणी नाकारू शकणार नाही, असा दस्त.

परूशी प्रभूकडे आले तेव्हा मोशेने सूटपत्र देण्याची आज्ञा का दिली, असे त्यांनी विचारले (मत्तय १९:७). प्रभूने उत्तरात क्रियापद बदलले. आज्ञा नव्हे, परवानगी. आणि तीही अंतःकरणाच्या कठोरपणामुळे. देवाचा मूळ हेतू उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे, हे त्याने निक्षून सांगितले. ही शिकवण मला पातळ करावयाची नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. अंतःकरणे कठोर असतात तोवर त्या कठोरपणाखाली जो भरडला जातो त्याच्या हाती कागद असावा, अशी सोय नियमशास्त्रात होती, आणि ती सोय प्रभूने अन्यायाची म्हटलेली नाही.

मलाखी २:१६ विषयीही येथेच सांगतो, कारण तुटलेल्या घरांतील स्त्रियांवर हे वचन दगडासारखे फेकलेले मी पाहिले आहे. मूळ इब्री वाक्य अवघड आहे. 'द्वेष करणे' हे क्रियापद तेथे तृतीय पुरुषी दिसते. म्हणून काही भाषांतरे परमेश्वर घटस्फोटाचा द्वेष करतो असा अर्थ घेतात, तर काही, जो पुरुष द्वेषाने बायको टाकतो तो आपल्या वस्त्रावर जुलूम पांघरतो, असा घेतात. कोणताही अर्थ घ्या, संदेष्ट्याचा रोख तारुण्यातील पत्नीशी विश्वासघात करणाऱ्या पुरुषांवर आहे. टाकलेल्या बाईवर नाही.

स्टँप पेपर, पंच आणि मंडळीचे पत्र

आता त्या भगिनीच्या कागदाकडे वळू. भारतात ख्रिस्ती विवाह मोडण्याचा अधिकार केवळ न्यायालयाला आहे. स्टँप पेपर शंभराचा असो की पाचशेचा, नोटरीचा शिक्का असो, पंचांच्या सह्या असोत, त्या कागदाने विवाह मोडत नाही. नोटरी सह्या कोणी केल्या एवढेच पडताळतो. विवाह लावण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार त्याला नाही. २०२४ मध्ये केंद्रीय कायदा मंत्रालयाने नोटरींना विवाहाचे व घटस्फोटाचे दस्त न करण्याविषयी बजावलेही आहे.

मग हा समज आपल्या लोकांत इतका खोल का? मला वाटते, तो गावकीतून आला आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोडीची रूढी होती, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, कलम २९ मध्ये, अशा सिद्ध रूढीला जागा ठेवली आहे. आपले आजे-पणजे ज्या वस्तीतून ख्रिस्ताकडे आले त्या वस्तीची ही सवय बरोबर आली. ख्रिस्ती लोकांच्या कायद्यात मात्र रूढीची अशी सवलत नाही.

रोमन कॅथलिक वाचकांचा प्रश्न वेगळा असतो. धर्मप्रांताच्या विवाह न्यायाधिकरणाने विवाह मुळातच झाला नव्हता असा निर्णय दिला, तर तो पुरेसा नाही काय? चर्चमध्ये पुन्हा संस्कार मिळण्यासाठी तो आवश्यक आहे. देशाच्या कायद्यापुढे मात्र तो पुरेसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. अशा निर्णयांना दिवाणी मान्यता मिळावी म्हणून पुढे केलेली याचिकाही २०१७ मध्ये फेटाळली गेली. अशा निर्णयावर विसंबून, न्यायालयाचा हुकूमनामा न घेता दुसरा विवाह केला, तर तो विवाह कायद्याने शून्य ठरतो आणि द्विभार्या किंवा द्विपती विवाहाच्या गुन्ह्याचीही भीती राहते. प्रॉटेस्टंट मंडळीच्या सेशनने किंवा पाळकाने दिलेल्या पत्राचीही तीच गत.

आणखी एक गैरसमज सात वर्षांचा. नवरा सात वर्षे बेपत्ता असला की लग्न आपोआप सुटते, असे पुष्कळ लोक खात्रीने सांगतात. ते सुटत नाही. तो जिवंत असल्याचे सात वर्षे कोणाच्या ऐकिवात नाही, हे घटस्फोट मागण्याचे एक कारण आहे. मागावे लागते, सिद्ध करावे लागते आणि न्यायालयाने द्यावे लागते.

कोणता कायदा, कोणते न्यायालय

ख्रिस्ती विधीने झालेल्या विवाहाला १८६९ चा घटस्फोट कायदा लागू पडतो. निदान एक पक्ष ख्रिस्ती असला पाहिजे, आणि घटस्फोटासाठी अर्जाच्या वेळी उभयतांचा कायम अधिवास भारतात असला पाहिजे. विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, नोंदणी अधिकाऱ्यासमोर झाला असेल, तर घटस्फोटही त्याच कायद्याखाली मागावा लागतो. म्हणून पहिले काम म्हणजे विवाहाचा दाखला काढून तो कोणत्या कायद्याखाली दिला आहे हे वाचणे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता आहे. तेथील वाचकांनी तेथील वकिलाचाच सल्ला घ्यावा.

१८६९ च्या या कायद्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. त्या मूळ कायद्यात पतीने पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीने पतीचा व्यभिचार सिद्ध केला तरी ते पुरे नसे. त्याबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे काही जोडून दाखवावे लागे. म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आधार घेणाऱ्यांनी स्त्रीकडून मत्तयापेक्षाही अधिक मागितले! पत्नीच्या जाराकडून पतीने नुकसानभरपाई मागण्याचे कलमही त्यात होते, जणू कोणी त्याच्या मालमत्तेची नासधूस केली. जिल्हा न्यायालयाने दिलेला घटस्फोट उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी कायम करीपर्यंत पक्का होत नसे. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये, प्रगती वर्गीस यांच्या प्रकरणात, स्त्रियांवर अन्याय करणारा भाग घटनाबाह्य ठरविला. शेवटी २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. स्त्रीपुरुषांना कारणे समान झाली, भरपाईचे कलम गेले, उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाची अट गेली आणि परस्पर संमतीचे नवे कलम, १० अ, आले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात अजून जुनाच कायदा आहे. 'ख्रिस्ती माणसाला व्यभिचाराशिवाय घटस्फोट मिळत नाही' असे सांगणारे वडील प्रत्येक मंडळीत भेटतात. त्यांचे ऐकून कोणी खोटा व्यभिचार लिहून देतो, आणि एका निष्पाप व्यक्तीचे नाव न्यायालयाच्या कागदावर कायमचे चढते. नववी आज्ञा मोडून सातवीचा आधार घेणे हे कोणत्या शास्त्रात बसते?

अर्ज कोठे करावयाचा, हा प्रश्न महाराष्ट्राबाहेर विखुरलेल्या आपल्या लोकांना सर्वांत अधिक छळतो. या कायद्यानुसार तीन ठिकाणे चालतात: जेथे विवाह झाला, जेथे पतिपत्नी एकत्र राहतात, किंवा जेथे ती अखेरची एकत्र राहिली. हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून पत्नीला ती सध्या जेथे राहते तेथेही अर्ज करता येतो. ख्रिस्ती पत्नीच्या कायद्यात ही सोय लिहिलेली नाही. म्हणून आमच्या भगिनीला सिकंदराबादेत अर्ज करता येईना. अहमदनगर किंवा सुरत. नवऱ्याने दूरच्या गावी दावा लावला आणि पत्नीला तेथे जाणे अशक्य असेल, तर दावा बदलून मागता येतो. एकाच राज्यात असेल तर उच्च न्यायालयाकडे आणि दोन राज्यांचा प्रश्न असेल तर सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. पत्नीची अडचण, लहान मूल आणि प्रवासखर्च यांचा तेथे विचार होतो.

मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत कुटुंब न्यायालये आहेत. तेथे हे दावे त्यांच्याकडे जातात; इतरत्र जिल्हा न्यायालयाकडे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने आधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरविले आहे. समुपदेशकापुढे बसावे लागते. पुष्कळांना ही वेळ वाया गेल्यासारखी वाटते. मला तसे वाटत नाही. मंडळीने जे करावयास हवे होते ते न्यायालय करू पाहते, याचा विषाद मात्र वाटतो.

पैशाअभावी कोणी थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. तेथे साधा अर्ज द्यावा.

कारणे, आणि परस्पर संमती

कलम १० मध्ये कारणे दिली आहेत. व्यभिचार, धर्मांतर करून ख्रिस्ती न राहणे, दोन वर्षांचे असाध्य वेड, तितकाच काळ असलेला संसर्गजन्य गुप्तरोग, सात वर्षे बेपत्ता असणे, विवाहानंतर शरीरसंबंधास हेतुपुरस्सर नकार, एकत्र नांदण्याचा हुकूमनामा होऊनही दोन वर्षे न नांदणे, दोन वर्षांचा परित्याग, आणि क्रूरता. पत्नीला याशिवाय पतीने केलेला बलात्कार किंवा अनैसर्गिक कृत्य हेही कारण आहे. कुष्ठरोग पूर्वी या यादीत होता. २०१९ मध्ये तो काढला गेला. ज्या प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला त्याच्या लोकांच्या कायद्यात हे कलम २००१ पासून २०१९ पर्यंत राहिले, आणि ते काढा असे म्हणण्यासाठी आपण किती जण उभे राहिलो?

परित्याग आणि क्रूरता यांविषयी थोडे थांबले पाहिजे, कारण प्रत्यक्षात बहुतेक घरे तेथेच मोडतात. परित्याग म्हणजे तक्रार करणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध सोडून जाणे. दोघे ठरवून वेगळे झाले तर तो परित्याग नव्हे. उलट, मारहाणीमुळे जिला घर सोडावे लागले तिने नवऱ्याला सोडले असे म्हणता येत नाही. तिला बाहेर पडण्यास भाग पाडणारा तोच सोडणारा ठरतो. क्रूरतेची व्याख्या अशी की, एकत्र राहणे आपल्याला अपायकारक ठरेल अशी रास्त भीती वाटावी. तीत मानसिक छळही येतो. ज्या स्त्रीला मार बसतो तिने दवाखान्याचे कागद, पोलिसांकडे दिलेल्या अर्जाची पोच, शेजाऱ्यांची नावे जपून ठेवावीत. घटस्फोट मागावयाचा नसला तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली घरात राहण्याचा हक्क व संरक्षणाचा आदेश तिला मागता येतो. 'सोसून घे' असा उपदेश करण्यापूर्वी पाळकांनी हा कायदा एकदा वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

व्यभिचार हे कारण दिले तर ज्याच्याशी तो घडला त्या व्यक्तीला सहप्रतिवादी करावे लागते. नाव ठाऊक नसेल किंवा ती व्यक्ती मृत असेल, तर न्यायालयाकडून सूट मागावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्यभिचाराला फौजदारी गुन्ह्यातून वगळले. घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायम आहे. 'आता आमचे पटत नाही, विवाह उरलाच नाही' हे एकट्याने म्हणून मात्र भागत नाही. तसे कारण कायद्यात नाही. अशा विवाहाचा शेवट करण्याचा विशेष अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालय वापरू शकते, आणि त्याची कक्षा २०२३ च्या निकालात सांगितली आहे.

घटस्फोट मागावयाचाच नाही, पण एकत्र राहणे शक्य नाही, असे ज्यांची सद्सद्विवेकबुद्धी सांगते त्यांच्यासाठी न्यायिक विभक्तता आहे (कलम २२). व्यभिचार, क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग ही तिची कारणे. विवाह टिकतो, सहवासाचे बंधन सुटते, पुनर्विवाह करता येत नाही. १ करिंथ ७:११ मध्ये पौलाने सांगितलेली स्थिती याच्या फार जवळची आहे, आणि तरीही या कलमाची आठवण कोणी करून देत नाही.

परस्पर संमतीचा मार्ग असा. पतिपत्नी दोघांनी मिळून एकच अर्ज करावयाचा. दोन वर्षे किंवा अधिक काळ आपण वेगळे राहत आहोत, एकत्र राहणे शक्य झाले नाही आणि विवाह मोडण्यास आपण संमत आहोत, एवढे त्यात म्हणावयाचे. कोणी कोणावर चिखल उडवावयाचा नाही. अर्जानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन तेच सांगावयाचे, मग न्यायाधीश खात्री करून हुकूमनामा देतात. तोपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. इतर धर्मीयांना येथे एक वर्षाची अट आहे, ख्रिस्ती लोकांना दोन. हा भेद केरळ उच्च न्यायालयाला २०१० मध्ये रास्त वाटला नाही आणि त्याने दोनचे एक असे वाचावयास सांगितले. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ती एका वर्षाची सक्तीही घटनाबाह्य ठरविली. छापील कायद्यात मात्र दोन वर्षेच आहेत. आपल्या जिल्ह्यातील न्यायालय काय मानते हे वकिलाला विचारूनच तारीख ठरवावी.

पोटगी, मुले, पुनर्विवाह

दावा चालू असतानाच पत्नीला पोटगी व दाव्याचा खर्च मागता येतो. पूर्वी ही रक्कम पतीच्या उत्पन्नाच्या एकपंचमांशावर जात नसे. २००१ मध्ये ती मर्यादा गेली, आणि नोटीस बजावल्यापासून शक्य तो साठ दिवसांत अर्ज निकाली काढावा असे आले. हुकूमनाम्यानंतर कायमची पोटगी एकरकमी किंवा दरमहा ठरते. याशिवाय फौजदारी प्रक्रियेतील जुने कलम १२५ आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये गेले आहे. २०२० च्या एका निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे म्हटले. पगार लपविणारा नवरा आता शपथेवर खोटे बोलतो, एवढे तरी झाले.

परस्पर संमतीच्या घाईत 'मला काही नको, फक्त सुटका द्या' असे लिहून देणाऱ्या भगिनी असतात. स्वाभिमान समजतो. तरी मुलांच्या वतीने असा त्याग करू नये. मुलांचा ताबा कोणाकडे, हे त्यांच्या हितावरून ठरते. आईच्या किंवा बापाच्या हक्कावरून नव्हे. भेटण्याचे दिवस, शाळेची फी, सुट्या, हे सारे अर्जातच तपशीलवार लिहावे. मुलाला रविवारच्या शाळेत कोणी न्यावयाचे यावरून पुढे पुन्हा भांडण झालेले मला ठाऊक आहे.

पुनर्विवाह हुकूमनाम्याच्या दुसऱ्या दिवशी करता येत नाही. अपिलाची मुदत संपली पाहिजे, किंवा केलेले अपील फेटाळले गेले पाहिजे (कलम ५७). त्यानंतर कायद्याने दोघेही मोकळी. परंतु कायद्याने मोकळे असणे आणि मंडळीने विवाह लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक मंडळीचे आपले नियम आहेत, आणि घटस्फोटिताचा विवाह लावण्यास पाळक आपल्या मंडळीच्या शिस्तीप्रमाणे नकार देऊ शकतो. तो पवित्र शास्त्राच्या अर्थाचा प्रश्न आहे. १ करिंथ ७:१५ मध्ये पौल, अविश्वासी जोडीदार निघून गेल्यास बंधू किंवा भगिनी बांधलेली नाही असे म्हणतो, तेव्हा मूळ क्रियापद 'दास असणे' या अर्थाचे आहे. त्यातून पुनर्विवाहाची मोकळीक निघते की नाही यावर प्रामाणिक विद्वानांत मतभेद आहेत. माझे मत असे की निघते; परंतु मी ते कोणावर लादणार नाही.

त्या भगिनीला हे सारे मी एकदम सांगितले नाही. त्या दिवशी एवढेच म्हणालो की, हा कागद सूटपत्र नाही, कारण तो उद्या कोणीही नाकारू शकेल. ती रडली नाही. भाऊच चिडला. "अहो, सात वर्षं आम्ही ही मोकळी आहे असंच समजून चाललो! नोटरीनं तीन हजार घेतले होते."

नवऱ्याशी बोलणे काढण्याचे काम सिकंदराबादच्या पाळकसाहेबांनी अंगावर घेतले. तोही त्याच कागदावर विसंबून बसला होता, आणि त्यालाही दुसरा विवाह करावयाचा होता. त्याने अजून केला नव्हता, हे दोघांचे सुदैव. सात वर्षांचा वेगळेपणा असल्यामुळे मुदतीचा प्रश्न उद्भवला नाही. विवाह अहमदनगरास झालेला म्हणून अर्ज तेथेच केला. मंडळीच्या विवाह नोंदवहीतून दाखल्याची प्रत मिळाली. पाने वाळवीने खाल्ली होती, परंतु नेमके ते पान शाबूत होते. दोघांना दोनदा यावे लागले. दुसऱ्या खेपेस न्यायालयाच्या ओसरीवर ती दोघे शेजारी बसून चहा पीत होती, असे तिच्या भावाने मला सांगितले.

हुकूमनाम्याच्या तीन प्रमाणित नकला काढावयास मी सांगितले होते. एक तिच्याजवळ, एक भावाजवळ आणि एक मंडळीच्या दप्तरात. अपिलाची मुदत सरल्यावर पाळकसाहेबांनी तीन रविवार सूचना वाचली. विवाहानंतर काही दिवसांनी ती पतीसह भेटावयास आली, तेव्हा जुन्या स्टँप पेपरचे काय करू असे तिने विचारले. मी तो मागून घेतला. माझ्या मेजाच्या खणात, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायाच्या टिपणांत तो अजून आहे.